हुकुमावरून

माझंच अक्षर एकानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं, आन् तेबी मी चहा पिताना. मंगळवारी सकाळी धाच्या सुमाराला मी तरोडा नाक्याकडं सुयोग कॉलनीच्या गेटासमोरच्या टपरीवर उभा होतो. पलीकडं अतिक्रमणवाल्यांचा ट्रक येऊन थांबला. दोघं खाली उतरले आन् गेटाशी बसणाऱ्या कहकशांची शिलाई मशीन पायडलासकट उचलायला लागले. कहकशां मशीनचा एक पाय धरून उभी. आरडाओरडा न्हाई, रडणं न्हाई, नुस्तं धरून ठेवलेलं. ती म्हणली, "हुकूम कुणाचा हाय ते दाखवा." ट्रकासंगं आलेला साहेब चष्मेवाला, खिशाला दोन पेन. त्यानं कागद काढला न्हाई. भिंतीकडं गेला आन् एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचलं, येथे वाहन लावण्यास व दुकान मांडण्यास सक्त मनाई आहे, हुकुमावरून. शेवटचा शब्द त्यानं दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचल्यावर कहकशांनं मशीनचा पाय सोडला. माणसानं कागदाशी भांडावं, भिंतीशी काय भांडणार. मग तिनं मान वळवून रस्त्याच्या ह्या बाजूला पाहिलं, आन् मी ग्लासात पाहायला लागलो. ग्लासात चहा नव्हता.

आता सांगूनच टाकतो, म्हंजे पुढं लपवालपवी नको. अक्षर माझं होतं, हुकूम कुणाचाच नव्हता. ते खालचं 'हुकुमावरून' नऊ वर्षांमागं मी माझ्या मनानं लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. कॉलनीच्या सेक्रेटरीनं दिलेल्या चिठ्ठीवर तो शब्दच नव्हता. आन् ह्या नऊ वर्षांत सगळ्यांनी तो वाचला, पोष्टमननं, दूधवाल्यानं, पोलिसानं, आन् एकानंबी विचारलं न्हाई की बाबा, हुकूम कुणाचा. मला लई राग आला. कुणाचा आला ते त्या टायमाला समजंना. ट्रकवाल्याचा म्हणावं तर तो वाचूनच कामाला लागलेला. भिंतीचा म्हणावं तर ती मीच रंगवलेली. मी टपरीवाल्याला उगंच म्हणलो की तुझा चहा पाणचट हाय, आन् चालायला लागलो. ऑटो केली न्हाई. त्या रस्त्यानं जाताना दर पन्नास पावलांवर माझं अक्षर. इथं थुंकू नये, इथं गाडी लावू नये, इथं लघवी करणाऱ्यास दंड. फ्लेक्सनं आमच्या धंद्यातलं सगळं नेलं, दुकानं नेली, निवडणुका नेल्या, लग्नं नेली, लातूरच्या क्लासवाल्यांचे बोर्ड नेले, ज्यांच्यावर मी पाच पाच दिवस परांचीवर बसून पहिल्या आलेल्यांची नावं लिहायचो. हाताला राहिली ती फकस्त मनाई. भिंतीवर फ्लेक्स फाटतो, मनाई टिकावी लागते. म्हून चौसष्टाव्या वर्षी बी मी शिडी घेऊन सगळ्या नांदेडला मना करून राहिलो. त्या दिवशी पहिल्यांदा ते सगळं वाचताना वाटलं, ही सगळी माणसं ऐकतेत कुणाचं? शिवलिंग पेंटर, शाळा चौथी, राहणार लेबर कॉलनीच्या मागं, ह्याचं?

कहकशां म्हंजे आमच्या उस्तादाची पोरगी, लग्न होऊन नांदेडला आलेली. जिलानी उस्ताद, उदगीर. किल्ल्याकडं जायच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं, पत्र्याचं, आन् आत टर्पेंटाईनचा असा वास की नवीन माणसाचं डोकं धरायचं. मी सीमेवरच्या गावातला, तोंडात अर्धं कानडी, अर्धी मराठी. लिहायला मी शाळेत शिकलोच न्हाई म्हणा ना, तिथं शिकलो. खडूची दोरी ताणून भिंतीवर रेघ मारायची, रेघेवर अक्षर टांगायचं, आन् चारी बाजूंनी हाशिया सोडायचा. हाशिया म्हंजे कडेची मोकळी जागा, चार बोटं, तिथं ब्रश टेकवायचा न्हाई. उस्तादाचे वडील निजामाच्या काळात तिथल्या कचेरीत नकला उतरायचे, उर्दूत. म्हून उस्तादाला कोर्टकचेरीच्या शब्दांचं येड. हात चालू असला की तोंड चालू. मनाई लिहायला घेतली की हटकून सांगायचे, हा शब्द लई लांबून चालत आलाय. मूळ अरबस्तानातला, मना. तिथून इराणवाल्यांच्या दफ्तरात, तिथून हैदराबादेत, हैदराबादेतून आपल्या कचेरीत. कोर्टाच्या कागदावर तो पुऱ्या पोशाखात यायचा, हुक्म-ए-इम्तिनाई. निजाम गेला, मराठी आली, लोकांनी पाट्या बदलल्या, पण वकिलानं काय केलं, त्याचाच मनाई हुकूम केला आन् पुढं चालवला. राज्य गेलं तरी मनाई गेली न्हाई, असं म्हणून ते हसायचे, दात पानानं लाल.

अर्थबी सांगायचे. मना म्हंजे हातानं अडवणं. देणारा हात मागं घेणं. आन् त्याच अरबी खानदानातला दुसरा एक शब्द हाय, त्याचा अर्थ असा गड, जो कुणाला जिंकता येत न्हाई. मग ब्रशानं किल्ल्याकडं दाखवायचे. म्हणायचे, जो मना करतो त्यानं तिथं गडासारखं उभं राहावं लागतं. उन्हात, पावसात, शिव्या खात. लिहून पळून गेला ती मनाई न्हवं. त्यांचं एक वाक्य होतं, आमच्या दखनीतलं, "बेटा, मना करनेवाले को मूँ होना." मना करणाऱ्याला तोंड पाहिजे. म्हून त्यांच्या दुकानाचा कायदा होता. नुस्ती मनाई कुणालाबी लिहून मिळंल, ती ज्याची त्याची मर्जी. पण खाली 'हुकुमावरून' पाहिजे असंल तर आधी हुकूम दाखवा. कागद, नंबर, सही. उस्ताद तो नंबर एका वहीत उतरून घ्यायचे आन् मगच त्या शब्दाला हात लावायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, पेंटर हायस का मुन्सफ. उस्ताद म्हणायचे, मुन्सफ चुकला तर वर दुसरा मुन्सफ असतो, भिंतीच्या वर कोण?

एकदा लातुरात एका लाकडाच्या वखारवाल्यानं बोलावलं. त्याच्या भिंतीला बाहेरून नळ होता, मागच्या वस्तीतल्या बाया पाणी भरायच्या. त्याला लिहून पाहिजे होतं, पाणी भरण्यास सक्त मनाई, हुकुमावरून. उस्तादांनी कागद मागितला. तो म्हणला, मीच हुकूम. उस्ताद म्हणले, मग चांगलं हाय, तुमचंच नाव लिहितो, अमुक शेटच्या हुकुमावरून. शेटनं बायांकडं पाहिलं. बाया घागरी घेऊन तिथंच उभ्या, ऐकून राहिलेल्या. शेट हळूच म्हणला, नाव नको. उस्तादांनी ब्रश टर्पेंटाईनमधी बुडवला, पुसला, आन् मला म्हणले चल. त्या दिवशी आम्ही मोकळ्या हातानं उदगीरला परत आलो, एस्टीत उभं राहून, आन् उस्ताद रस्ताभर अशा खुशीत की एखाद्याला वाटावं ह्यांना इनाम मिळालं. मी चिडलेलो, पोटात काही नव्हतं. तवाबी मला वाटलं, शब्दच तर हाय, लिहायचा आन् मोकळं व्हायचं. बघा, ह्या पापाचं बियाणं तवाचं हाय.

सुयोगचा सेक्रेटरी रेणुकादास सर, कुठल्या तरी ऑफिसातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेला माणूस. बोलणं गोड, पुस्तकातल्यासारखं. मंगळवारी दुपारी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. आत ये म्हणले, पाणी दिलं. मी विचारलं की सर, त्या पोरीला तुमीच बोलावून बसवलं होतं ना? खरंच होतं ते. बोर्ड लिहून दोन वर्षं झाल्यावर कॉलनीतल्याच बायांनी तिला गेटाजवळ मशीन मांडायला लावली होती. फॉल-पिको, ब्लाऊज ढिला करणं, पोरांच्या शाळेच्या प्यांटी. सरांच्या घरातले पडदेबी तिनंच शिवले, ते मला बसल्या जागेवरून दिसून राहिले होते. सात वर्षं कुणाला हुकूम आठवला न्हाई. आता सरांच्या पोरानं, सर्वेशनं, मोठी गाडी घेतली. ती वळवायला गेटाशी जागा लागते. एवढंच. सरांनी बोर्डाचा फोटो काढला, मोबाईलवरून अतिक्रमणवाल्यांच्या ऑफिसला पाठवला आन् खाली लिहिलं की हुकूम असून अंमल होत नाही.

मी म्हणलो, सर, हुकूम नव्हता. तुमाला बी माहीत हाय. सरांनी चष्मा काढला, पुसला. म्हणले, "शिवलिंग, मी तुला दोन ओळी दिल्या होत्या. तिसरी तू लिहिलीस. मला वाटलं, तुमच्यात तसं लिहायची पद्धत असेल." मग हसले. "आणि छान दिसत होतं."

त्या हसण्यानं माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. उठून ते पडदे ओढून काढावेत असं वाटलं. पण हात उचलणार कोणत्या तोंडानं? माणूस खोटं बोलत नव्हता. नऊ वर्षं त्यानं माझा खोटा शब्द जपून ठेवला, एखाद्यानं सापडलेली किल्ली खिशात ठेवावी तसा, आन् कुलूप दिसल्यावर लावून पाहिली. दरवाजा उघडला. त्याचा गुन्हा एवढाच. माझा किती, ते मोजायची मला भीती वाटून राहिली. घरी आलो, बायकोवर, सिद्धम्मावर, उगंच खेकसलो की भाकर कडक झाली. ती म्हणली, भाकर कालच्यासारखीच हाय, तुमचे दात आज बदललेत का. मी तीच भाकर मोडली. जेवताना डोळ्यासमोर एकच, ती मशीन ट्रकात आडवी पडताना तिचं चाक दोन फेरे आपोआप फिरलं ते.

बुधवारी कहकशां घरी आली. एकटीच. तिच्या घरात कमावणारी ती एकटी. आई, जाहिदा आपा, डोळ्यानं गेलेली. दोन पोरी कॉलेजात. नवऱ्याचं सांगण्यासारखं काही न्हाई, तो हैदराबादला गेला तो तिकडंच राहिला. येत्या सोमवारी तिला ऑफिसात बोलावलं होतं. पुन्हा त्या जागी बसणार न्हाई असं लिहून दिलं तर मशीन मिळंल, न्हाई तर लिलावात जाईल, असं सांगितलं होतं. ती खाली बसली, ओढणीच्या टोकाला गाठ मारत आन् सोडत. तिनं मला दोष दिला न्हाई. दिला असता तर बरं झालं असतं. ती म्हणली की ती जागा तिनं बोर्ड बघूनच धरली होती. बायांनी दोन जागा दाखवल्या होत्या, एक सावलीतली. पण ह्या भिंतीवर 'ह' चं शेपूट तिच्या अब्बांच्या हातासारखं वळलेलं होतं. तिला वाटलं, आपल्या घरच्या भिंतीला पाठ लावून बसलो. मग तिनं जे विचारलं त्यासाठीच ती आली होती. "चाचा, अब्बा कागद पाहिल्याबिगर हुकूम लिहीत नव्हते. तुमीबी पाहिला असंल. सही कुणाची होती तेवढं सांगा. मी त्याच्याकडं जाते, पाया पडते."

मी म्हणलो, बघतो. जुनी वही बघावी लागंल. वही. माझ्याकडं वही कधी नव्हतीच. उस्तादाकडं होती. मी नांदेडला आलो तवा ब्रश आणले, दोरी आणली, वही आणली न्हाई. ती गेल्यावर सिद्धम्मा माझ्याकडं बघत राहिली. चाळीस वर्षांचा संसार, तिला कळंना असं कसं होईल. मग भांडी घासायला बसली, लई आवाज करत.

गुरुवारी मी त्या ऑफिसात गेलो. तिथं संगमेश्वर नावाचा कारकून, ओळखीचा, मला दरवर्षी पाचपन्नास मनाईच्या पाट्यांचं काम मिळतं ते त्याच्या टेबलावरून. मी त्याला म्हणलो, सुयोगच्या भिंतीवरचा हुकूम कधीचा हाय ते रजिस्टरात बघ. त्यानं इमानदारीनं बघितलं. तीन रजिस्टरं चाळली, धूळ झटकली, शिंकला. म्हणला, न्हाई सापडत. मी म्हणलो, सापडत न्हाई म्हंजे नसंलच. तर तो म्हणला की असं कसं, बोर्ड हाय म्हंजे हुकूम असणारच, कागद गहाळ झाला असंल, लई कागद गहाळ होतात. मला वाटलं त्याची गचांडी धरून हलवावं. माझ्या रंगावर त्याचा त्याच्या रजिस्टरापेक्षा जास्त विश्वास. शेवटी मी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं. त्याचा चेहरा पडला. त्यानं इकडं तिकडं बघितलं आन् म्हणला, "मामा, हे लिहून दिलंस तर पहिली केस तुझ्यावर. खोटा सरकारी हुकूम लिहिला म्हून. आन् पाट्यांचं काम विसर. तिला दुसरीकडं बसू दे की, नांदेडात भिंती कमी हायत का?"

तिथून मी गुरुद्वाऱ्याच्या बाजूनं नदीकडं गेलो आन् घाटाच्या पायरीवर बसलो. संगमेश्वर चुकीचं सांगत नव्हता. भिंती लई हायत. चौसष्ट वय, गुडघा धरलेला, शिडीवर आता सिद्धम्मा खालून धरल्याबिगर चढता येत न्हाई. हे काम गेलं तर दुसरं कोण देणार? आन् पोरगी काय, गुणी हाय, कुठंबी बसली तरी गिऱ्हाईक मागं येईल. असं मी मला समजावत होतो आन् समजावता समजावता माझाच मला असा राग आला की शेजारी बसलेला यात्रेकरू उठून दुसऱ्या पायरीवर गेला. बहुतेक मी मोठ्यानं शिवी दिली. कुणाला दिली? वखारवाला डोळ्यासमोर आला. तो निदान नाव नको म्हणून मागं सरला. म्हंजे त्याला लाज होती. बाया बघून राहिल्यात हे त्याला समजत होतं. माझ्या भिंतीवर तर बघायला कुणी नव्हतं, नाव विचारायला कुणी नव्हतं. मी लिहिलं, पैसे घेतले, शिडी खांद्याला मारली. उभा राहिलो न्हाई. माझ्या जागी मग ती पोरगी तिथं सात वर्षं बसली, उन्हात, माझ्या लिहिण्याच्या खाली. त्या रस्त्यानं मी किती बार गेलो. ती हात करायची, चाचा, चहा घ्या. मी घ्यायचो. बोर्ड माझ्या डोक्याच्या बरोबर वर असायचा, आन् मी साखर कमी हाय म्हणायचो.

सोमवारी साडेअकराला आम्ही साहेबासमोर. तोच चष्मेवाला, दोन पेन. एका बाजूला रेणुकादास सर, इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाईल. कहकशां खुर्ची असून उभी. संगमेश्वर दारात, माझ्याकडं बघून मान हलवत होता, नको म्हणून. साहेबानं लिहून आणलेला कागद तिच्यापुढं सरकवला, पुन्हा बसणार न्हाई म्हणून, आन् पेन दिला. तिनं पेन घेतला. तवा मी म्हणलो, साहेब, ती सही करायची न्हाई. हुकूम नव्हता. तो शब्द मी लिहिला, माझ्या मनानं. रजिस्टर बघा, संगमेश्वरनं बघितलंय, सरांना विचारा, त्यांची चिठ्ठी दोन ओळींची होती. एका दमात बोललो. साहेब सरांकडं वळला. सर म्हणले, तांत्रिक बाब आहे. साहेब म्हणला, तांत्रिक काय त्याच्यात, हुकूम आहे का नाही? सरांनी मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला.

पुढचं लवकर झालं. साहेबाचा आवाज चढला, माझ्यावर आधी, मग संगमेश्वरवर. माझ्याकडून लिहून घ्या म्हणला, काय करायचं ते वकिलाला विचारून बघू, ह्याला पुन्हा एकबी पाटी द्यायची न्हाई. आन् बाईची मशीन आजच्या आज सोडा. संगमेश्वरनं माझा जबाब लिहिला. मला म्हणला वाच. मी वाचला. पेनानं लिहिलेलं बारीक अक्षर मला जड जातं, वेळ लागला. सहीसाठी वाकलो तवा साहेबानं पाणी पिता पिता विचारलं, रागानं न्हाई, खरंच समजत नव्हतं म्हून, "पण कामून लिहिलं हो? कुणी सांगितलं न्हाई, पैसे जास्त मिळाले न्हाईत. मग?"

मी कहकशांकडं बघायचं न्हाई असं ठरवलं होतं. म्हणलो, साहेब, खाली जागा रिकामी दिसत होती.

साहेब हसला. दारातला संगमेश्वरबी हसला, सुटका झाल्यासारखा. सर हसले न्हाईत, ते उठून उभे राहिले होते.

कहकशांनं विचारलं, "किती जागा, चाचा?"

मी पेन खाली ठेवला आन् हात वर केला. बोटं जुळवून दाखवली. चार बोटं.

ती त्या चार बोटांकडं, अब्बांच्या हाशियाकडं, बघत राहिली. साहेब म्हणला, चला, सही करा, वेळ नाही. सही ह्याच हातानं करायची होती, आन् तो मला खाली घेता येईना.